सभा जनसामान्यांसाठी खुली आहे किंवा नाही

पिंपळनेर आता नगरपरिषदेचे गाव झाले. पांझरेकाठचे हे बाजाराचे ठिकाण साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या सगळ्या पट्ट्याचे, पार गुजरातच्या हद्दीपर्यंतच्या पाड्यांचे. इथला व्यापार, शाळा, दवाखाने पाहता ग्रामपंचायतीचा कारभार गावाला कधीचाच अपुरा पडत होता. त्यामुळे नगरपरिषद होणार म्हटल्यावर बोलणे झाले ते निधीचे, गटारींचे, घरपट्टी किती वाढेल याचे आणि अर्थातच नगराध्यक्षपदाचे. एका गोष्टीची चर्चा मात्र माझ्या तरी कानावर आली नाही. ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली.

ग्रामसभेत मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस सदस्य असतो. त्याला निवडून यावे लागत नाही, कुणी नेमावे लागत नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने हे स्थान थेट राज्यघटनेत लिहून ठेवले, आणि महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात तर ते त्याआधीपासूनच होते. उभे राहून सरपंचाला विचारायचे, की मागच्या सभेत मंजूर झालेल्या हातपंपाचे काय झाले; आणि त्याचे उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लावायचे. नगरपरिषदेत सर्वसाधारण सभा असते, ती नगरसेवकांची. कायद्याने तीही लोकांना खुली आहे, पण खुली याचा अर्थ मागे बसून ऐकता येते, एवढाच. मध्ये बोललात तर पीठासीन अधिकारी बाहेर काढू शकतात. काल जो सभासद होता तो आज प्रेक्षक झाला, आणि हे होताना कुणी त्याला विचारले नाही.

शहरांसाठीची ७४ वी दुरुस्ती त्याच वर्षी आली. तिने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत. पिंपळनेर, साक्री, शिंदखेडा, पारोळा यांच्यासारख्या गावांसाठी त्या दुरुस्तीत ग्रामसभेला पर्याय असे काही नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने नागरी कायद्यात ‘क्षेत्रसभा’ घातली. मतदान केंद्रांच्या हिशेबाने छोटी क्षेत्रे पाडायची, तिथल्या मतदारांची सभा घ्यायची, अशी कल्पना. ती आपल्याला सुचली असे नव्हे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचा पैसा हवा असेल तर असा कायदा करा, अशी अट होती. पैसा आला, कायदा झाला, क्षेत्रसभा कागदावर राहिल्या.

हे पुस्तक राज्याच्या कारभारातील पारदर्शकतेबद्दल आहे आणि मी सुरुवात केली एका गावाच्या ग्रामसभेपासून. मुद्दामच केली. राज्य सरकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मंत्रालय येते. पण ग्रामसभेला किती अधिकार, नगरपरिषदेच्या सभेत कुणी बोलायचे, निवडणूक कधी घ्यायची आणि ती होईपर्यंत कारभार कुणाच्या हाती द्यायचा, हे सगळे राज्य सरकारच ठरवते. सरकार किती उघडे आहे हे पाहायचे तर त्याचा सगळ्यात खालचा दरवाजा आधी पाहावा.

आता ग्रामसभेचे गोडवे गाण्याआधी जरा खरे बोलू. वर्षातून किमान चार सभा व्हायला हव्यात. गणपूर्तीला, म्हणजे आपल्या बोलीतल्या कोरमला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली जी संख्या कमी ती लागते. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे ही काही फार मोठी अपेक्षा नाही. तरी कोरम होत नाही. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. ही तरतूद केली ती कामे अडू नयेत म्हणून. तिचा उपयोग काय होतो, ते खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. अडचणीचा विषय असला की पहिली सभा तहकूब कशी होईल हे पाहायचे. मग आठवड्याने पंधरा-वीस हक्काची माणसे बोलवायची आणि ‘सर्वानुमते मंजूर’. सूचक एक, अनुमोदक एक, दोघेही एकाच गल्लीतले.

त्याहून हुशारीचा प्रकार म्हणजे ‘आयत्या वेळचे विषय’. अजेंड्याच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते, मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. वर पाणीपट्टी, दिवाबत्ती, शाळेची खोली असे बारा विषय असतात आणि त्यांवर दोन तास वाद होतो. लोक दमतात, बायका स्वयंपाकाला म्हणून उठतात, आणि मग गावठाणातल्या जागेचा किंवा एखाद्या ना-हरकत दाखल्याचा विषय या शेवटच्या ओळीतून येतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतो, ‘ठराव काय व्हयना रे भाऊ?’ उत्तर कुणालाच नीट ठाऊक नसते, कारण प्रोसिडिंग सभेत लिहिलेच गेले नाही. ते नंतर निवांतपणे लिहिले जाते. सह्या आधी, मजकूर मागाहून. ग्रामसेवकाच्या पदाचे नाव सरकारने बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केले. लोक अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतात, आणि ते दप्तरही अजून भाऊसाहेबांच्याच पिशवीत फिरते.

इतके सगळे असूनही मी म्हणेन, ग्रामसभा गेली तेव्हा मोठी गोष्ट गेली. कारण तिथे गैरप्रकार करायला धडपड करावी लागते. कोरम मोडावा लागतो, लोक दमेपर्यंत थांबावे लागते, वही लपवावी लागते. ज्या सभेला लोकच नसतात तिथे यातले काही करावे लागत नाही.

सगळ्यांसमोर बसून वाटणी ठरवायची, ही गोष्ट या खोऱ्याला १९९३ साली दिल्लीने शिकवली असे समजायचे कारण नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड बागायत काही शतकांची आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे, तेच फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू किंवा भुसार, कोणता फड या साली पडीत ठेवायचा, हे शेतकरी एकत्र बसून ठरवत. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन जमेल तितक्या फडांत असावी अशी रचना होती, म्हणून एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला तर तोटा एकट्याच्या माथी येत नसे. पाटकरी पाट सांभाळायचा, बारेकरी शेतात पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा, हवालदार या सगळ्यांवर लक्ष ठेवायचा. ही माणसे गाव नेमायचे, त्यांचा मोबदला पिकातून जायचा. शेतकऱ्याने स्वतः पाटाचे दार उघडायचे नाही, असा दंडक. कारण ज्याचे पीक त्याच्याच हातात पाणी दिले तर भांडण अटळ.

इरिगेशनचा अभ्यास करणारे देशोदेशीचे लोक हे फड पाहायला येऊन गेले. त्यांचे लक्ष बहुतेक बंधाऱ्याच्या उतारावर, पाटाच्या मापावर असे. मला त्यात वेगळेच महत्त्वाचे वाटते. त्या बैठकीत ठरलेली गोष्ट लपून राहूच शकत नव्हती. कोणत्या फडात पाणी गेले ते गावातल्या पोरालाही दिसत होते. निर्णय आणि त्याचा परिणाम यांच्यात फक्त एका पाटाचे अंतर. आजच्या भाषेत ज्याला आपण सोशल ऑडिट म्हणतो, ते तिथे रोज सकाळी पाटावर चालत गेले की होत असे.

पण तिथे कोण बसत होते, हेही सांगितले पाहिजे. ज्याची जमीन पाटाखाली, तो. भूमिहीन नाही, बायका नाहीत, डोंगरावरचा भिल्ल किंवा कोकणी नाही. फडाची बैठक आतल्या माणसांसाठी पूर्ण उघडी होती आणि बाहेरच्यांसाठी पूर्ण बंद. विहिरी झाल्या, मोटारी आल्या, वर लाटीपाड्याला आणि पुढे अक्कलपाड्याला धरणे बांधली गेली, ज्याच्या त्याच्या हाती स्वतःचे पाणी आले आणि या बैठकीचे महत्त्व ओसरत गेले. ते फक्त यंत्रांमुळे ओसरले असे काही जण मानतात. मला वाटते, बाहेर राहिलेल्यांना ते टिकवण्यात कधी रसच नव्हता, हेही एक कारण असावे.

डोंगराकडची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पिंपळनेरच्या पश्चिमेला असलेले बारीपाडा आज देशभर माहीत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उजाड झालेले जंगल त्या गावाने राखले, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पावसाळ्यात तिथे भरणारा वनभाजी महोत्सव पाहायला लोक लांबून येतात. पुरस्काराच्या बातम्यांत झाडे येतात, बंधारे येतात, भाज्या येतात. ज्या गोष्टीवर हे सगळे उभे राहिले ती बातमीत क्वचितच येते : नियम गावाने गावासमोर केले, आणि मोडणाऱ्याचा दंडही गावासमोरच ठरला. १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम यांनी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपज, गौण खनिज, गावाच्या योजना यांवर खरा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तो वापरून दाखवला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवानाही हातात घेतला. म्हणजे आज गंमत अशी आहे, की साक्री तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला आपल्या सरकारी कारभारात जितका बोलायचा हक्क आहे, तितका पिंपळनेरच्या मेनरोडवरच्या दुकानदाराला नाही.

पायऱ्या चढू लागलो की दार अरुंद होत जाते.

जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा ही निदान सभा तरी आहे. पत्रकार बसतात, दुसऱ्या दिवशी भांडणांची बातमी येते. पण ती व्हायला सदस्य लागतात. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदा जानेवारी २०२० मध्ये निवडून आल्या होत्या, त्यांचीही पाच वर्षे जानेवारी २०२५ मध्ये भरली. ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे घोळ यांत निवडणुका लांबत गेल्या, ते अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असे सांगावे लागले. मधल्या काळात प्रशासक होते. प्रशासकाच्या राज्यात ‘प्रशासकीय ठराव’ होतो. विषय मांडणारा तो, अनुमोदन देणारा तो, मंजूर करणारा तो आणि अंमलबजावणी करणाराही तोच. त्याच्या वतीने दोन शब्द बोलायचे तर, यातले बरेच अधिकारी प्रामाणिक होते आणि काहींनी निवडून आलेल्यांपेक्षा चांगले काम केले. पण चांगला निर्णयसुद्धा कुणाला ऐकू गेला नाही. सभाच नव्हती, तर ती उघडी की बंद हा प्रश्नच उरला नाही.

आणखी वर विधिमंडळ आहे. सभागृहाचे कामकाज पास काढून गॅलरीत बसून पाहता येते. पण सरकारी खर्चाची खरी उलटतपासणी होते ती समित्यांमध्ये, लोकलेखा समितीत, अंदाज समितीत, आणि समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. तसा नियमच आहे. समिती जिल्ह्यात येते तेव्हा अधिकाऱ्यांची धावपळ दिसते, गाड्यांचा ताफा दिसतो; समितीने काय विचारले आणि काय उत्तर मिळाले हे कळायला अहवालाची वाट पाहायची. धुळेकरांना याची आठवण करून द्यायला नको. २१ मे २०२५ च्या रात्री, अंदाज समितीचा दौरा चालू असताना, धुळ्याच्या गुलमोहर शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीतून १ कोटी ८४ लाखांहून जास्त रोकड निघाली. खोलीत पैसे आहेत असा आरोप करून एका माजी आमदारांनी बाहेर ठिय्या दिला होता. समितीच्या अध्यक्षांनी आपला संबंध नाकारला, चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले गेले. तो पैसा कुणाचा आणि कशासाठी, हे ठरवणे तपासाचे काम आहे; मी इथे त्याबद्दल काही म्हणत नाही. म्हणायचे आहे ते एवढेच, की बैठक बंद असली की बाहेर तर्क चालतात, आणि समिती निर्दोष असली तरी ते तर्क खोडून काढायला तिच्याजवळ काही नसते. उघड्या बैठकीचा फायदा बैठकीत बसणाऱ्यालाही असतो, हे आपल्याकडे फार कमी जणांना पटते.

सगळ्यात वर मंत्रिमंडळ. मंत्री शपथ घेतो तीच पदाची आणि गोपनीयतेची. मंत्र्यांनी राज्यपालांना काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालयानेसुद्धा करायची नाही, असे घटनेचा अनुच्छेद १६३ सांगतो. इथे मात्र मी दार उघडा असे म्हणणार नाही. सहकाऱ्याशी मोकळेपणाने भांडायला, मत बदलायला, आपली चूक कबूल करायला चार भिंती लागतात. माहिती अधिकाराच्या कायद्यानेही हे मानले आहे : मंत्रिमंडळाची कागदपत्रे निर्णय होऊन विषय संपेपर्यंत देता येत नाहीत, पण त्यानंतर निर्णय, त्याची कारणे आणि त्यामागचे साहित्य उघड केले पाहिजे. या दुसऱ्या अर्ध्या भागाचा सरकारला विसर पडतो.

बैठकाच उघड्या ठेवा असे सांगणारे कायदे जगात आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९५३ मध्ये स्थानिक संस्थांसाठी तो केला, फ्लोरिडाने १९६७ मध्ये. पुढे १९७६ मध्ये त्यांच्या केंद्र सरकारनेही मंडळे-आयोगांसाठी केला. ठरावीक सदस्य कामाबद्दल बोलायला एकत्र आले की ती सभा, तिची आगाऊ नोटीस, लोकांना प्रवेश. त्यावरची तिथली तक्रारही ऐकण्यासारखी आहे. दार उघडे ठेवले की खरे बोलणे फोनवर आणि जेवणाच्या टेबलावर सरकते आणि सभेत नुसते वाचन उरते. हे आपल्याकडे होणार नाही असे म्हणणाऱ्याने आपल्याकडची कोणतीही सभा पाहिलेली नसावी. नगरपालिकांतला खरा निर्णय आदल्या रात्री पार्टी मीटिंगमध्येच होतो. तरीही नोटीस, अजेंडा आणि नोंद यांचे बंधन असले, तर आदल्या रात्री ठरलेले दुसऱ्या दिवशी चारचौघांत तोंडाने म्हणावे लागते. तेवढाही फरक मोठा असतो.

भारताने मात्र दुसरी वाट धरली. आपण कागद मागितला. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेतल्या, मस्टरवरची नावे मोठ्याने वाचली, आणि मेलेल्या माणसांनी मजुरी उचलल्याचे लोकांना ऐकवले. तमिळनाडू आणि गोवा यांनी १९९७ मध्ये माहितीच्या अधिकाराचे आपापले कायदे केले. महाराष्ट्रात राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी आंदोलन लावून धरले. (राळेगणच्या पारनेर तालुक्यातही एक पिंपळनेर आहे, निळोबारायांचे. पत्र घालताना तालुका लिहिला नाही तर अजूनही घोळ होतो.) २००० सालचा पहिला कायदा तकलादू होता, त्याच्या जागी २००२ चा कायदा आला, ऑगस्ट २००३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि २००५ चा केंद्रीय कायदा घडताना महाराष्ट्राचा हा अनुभव हाताशी होता.

त्या केंद्रीय कायद्यात एक अशी जागा आहे जिच्याकडे चळवळीतल्या लोकांचेही फारसे लक्ष गेले नाही. कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने, कुणी न मागता, १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची. त्यातली आठवी बाब समित्यांची आहे. कार्यालयाच्या किती समित्या, मंडळे, परिषदा आहेत ते सांगा, आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त लोकांना पाहायला मिळते का, तेही सांगा. महाराष्ट्रात या बाबीचा छापील नमुना ठरलेला आहे आणि त्यात एक रकाना आहे : ‘सभा जनसामान्यांसाठी खुली आहे किंवा नाही’. शेजारी दुसरा रकाना, सभेचा कार्यवृत्तांत उपलब्ध आहे का, याचा.

कायदा सभा खुली करा म्हणत नाही. खुली आहे की नाही एवढे लिहा म्हणतो. आणि सरकारी कार्यालयांचे हे तक्ते चाळले तर त्या रकान्यात एकामागून एक ‘नाही’, ‘नाही’, ‘निरंक’, ‘नाही’ असेच आढळते. लिहिणाऱ्याला संकोच वाटलेला दिसत नाही. कुणी विचारेल अशी त्याची अपेक्षाही नसते. मी हे पुस्तक लिहायला घेतले ते या रकान्यामुळे. वीस वर्षांत आपण झालेल्या निर्णयाचा कागद मिळवायला शिकलो. निर्णय होताना खोलीत असण्याचा प्रश्न आपण रकान्यात ‘नाही’ लिहून सोडवला.

आणि कागदसुद्धा आता पूर्वीइतका सहज मिळत नाही. अर्ज दहा रुपयांचा. राज्याच्या २०१२ च्या नियमाने तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. तीस दिवसांत उत्तर. आले नाही तर पहिले अपील, मग नव्वद दिवसांत दुसरे. दुसरे अपील धुळे-जळगावकरांचे नाशिक खंडपीठाकडे जाते आणि तिथून पुढे काळ मोजायचा तो वर्षांत. राज्य माहिती आयोगाकडे प्रलंबित प्रकरणांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती, देशात सर्वांत जास्त. त्यात २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले व्यक्तिगत माहितीचे कलम बदलून टाकले. पूर्वी त्या कलमातच व्यापक जनहिताची कसोटी होती. आता ‘व्यक्तिगत आहे’ एवढे उत्तर देऊन अर्ज बाजूला ठेवणे सोपे झाले. घरकुलाच्या यादीतले नाव व्यक्तिगत की सार्वजनिक? ग्रामसभेत ही यादी मोठ्याने वाचली जायची तेव्हा असला प्रश्न कुणाला पडत नव्हता.

घरकुल म्हटले की खान्देशात जळगावची आठवण निघणारच. १९९० च्या दशकातली तिथल्या नगरपालिकेची ती योजना. हजारो घरे बांधायची होती. २००६ मध्ये तेव्हाच्या आयुक्तांनी फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे प्रकरण अपिलात गेले. दोषी ठरलेल्यांत बरेचसे त्या वेळचे नगरसेवक होते. ठपका होता तो कंत्राटदाराच्या सोयीचे ठराव केल्याचा. म्हणजे सभा झाल्या होत्या. दारेही उघडीच असतील. हात वर झाले, ठराव इतिवृत्तात गेले. त्या ठरावांचा अर्थ लोकांना कळायला मात्र फिर्याद व्हावी लागली, खटला चालावा लागला आणि दोन दशके जावी लागली. उघड्या सभेत नुसते बसून काही होत नाही, याचा इतका जवळचा आणि इतका महाग पुरावा दुसरीकडे शोधायला नको. विषयाची टिपणी सभेच्या आधी हातात नसेल, तर ‘विषय क्रमांक सात, मंजूर’ ऐकून कुणाला काय कळणार? नगरसेवकालाही ती पुष्कळदा सभेतच मिळते. निदान नंतर तो तसे सांगतो.

म्हणून या पुस्तकात मी दार उघडण्यापेक्षा कागद आधी मिळण्यावर जास्त पाने खर्च केली आहेत. काहींना ते कोरडे वाटेल. नोटीस किती दिवस आधी निघाली पाहिजे, टिपणी कुणी लिहायची, इतिवृत्त कायम होईपर्यंत त्याची प्रत मिळते का, ‘आयत्या वेळी’ काय घेता येते आणि काय नाही, असल्या गोष्टींवर लिहिताना भाषा फुलत नाही, हे मला मान्य आहे. पण राज्यघटनेतल्या मोठ्या शब्दांवर पुस्तके खूप आहेत, आणि नगरपरिषदेच्या शिपायाला नेमके काय मागायचे यावर जवळजवळ नाहीत.

एक मागणी तर आजही करता येते आणि तिच्यासाठी अर्जसुद्धा लागत नाही. पुणे महापालिकेने २००९ च्या सुमाराला आठवड्यातून एक वेळ ठरवून नागरिकांना फायली पाहू द्यायला सुरुवात केली होती. तिथल्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, आणि नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने राज्य सरकारने तीच पद्धत जिल्हा कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू केली : दर सोमवारी दुपारी ३ ते ५, फायलींचे अवलोकन. जायचे, वहीत नाव लिहायचे, फाइल मागायची. या आदेशाचा फलक मी फार थोड्या कार्यालयांत पाहिला आहे, आणि जिथे आहे तिथे सोमवारी साहेब मीटिंगला गेलेले असतात. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिनही महिन्याच्या पहिल्या सोमवारी. पिंपळनेरहून धुळे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. गाऱ्हाणे घेऊन सकाळी धुळ्याला गेलेला माणूस तीनला नगरपरिषदेत परत येऊन फाइल पाहू शकत नाही. कुणी मुद्दाम केले असेल असे नाही. सरकारात अशा गोष्टी मुद्दाम कराव्या लागत नाहीत.

पिंपळनेरच्या नगरपरिषदेचे एक बरे आहे, ती नवी आहे. तिच्या समित्या, त्यांच्या वह्या, त्यांच्या सवयी अजून पडायच्या आहेत. आठव्या बाबीचा तक्ता तिलाही भरावा लागेल, आणि स्थायी समिती, विषय समित्या यांच्यासमोर काय लिहायचे हे कुणीतरी कारकून जुन्या एखाद्या नगरपालिकेचा तक्ता पाहून ठरवील. तो तक्ता भरण्याआधी पहिल्या काही सभांमध्ये एखाद्या नगरसेवकाने तीन ठराव मांडावेत, असे मला सुचवायचे आहे. विषयपत्रिका टिपण्यांसह सभेच्या सात दिवस आधी फलकावर लावावी. आर्थिक बोजा असलेला कोणताही विषय आयत्या वेळी घेऊ नये. आणि वर्षातून दोन वेळा प्रत्येक प्रभागात मतदारांची सभा घ्यावी, तिला कायद्याचे बळ नसले तरी चालेल. तिसऱ्या ठरावाला विरोध होईल; प्रभागातले लोक एकत्र बसले की नगरसेवकालाच प्रश्न विचारतात. पहिल्या दोन ठरावांचे मसुदे परिशिष्टात दिले आहेत, सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा रिकाम्या ठेवून.